कोड: ते का होते, उपचार कोठवर पोचतात आणि पुढच्या पिढीत किती उतरते?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ५६. सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. बरीच वर्षे माझ्या दोन्ही हातांवर, ओठांच्या कडांना आणि पावलांवर कोड आहे. त्याच्याशी माझे केव्हाच जुळले आहे. नव्या वर्गातली मुलेही पहिल्या आठवड्यानंतर फळ्याकडे पाहतात, हातांकडे पाहत नाहीत. धागा काढण्याचे कारण वेगळे आहे.

माझ्या पुतण्याची सोयरीक जवळजवळ ठरली होती. 'घराण्यात कोड आहे' एवढे कळल्यावर मुलीकडच्या मंडळींनी ती थांबवून धरली आहे. पुतण्याच्या अंगावर एकही डाग नाही. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या अंगावरही नाही. मुलीचे वडील सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी नकार दिलेला नाही, त्यांनी प्रश्न विचारला आहे: "नातवंडांना होणार नाही याची खात्री देता का?" खात्री कोणीच देऊ शकणार नाही, हे मलाही कळते. पण हा प्रश्न हो-नाहीचा नसून शक्यतेचा आहे, आणि शक्यता आकड्यांत सांगता येते, असे माझे मत आहे. जाणकारांनी तो आकडा समजावून द्यावा. त्याबरोबरच हा विकार मुळात होतो कसा आणि आज उपचारांनी काय साधते, तेही लिहावे. कारण 'यावर औषधच नाही' हा समजही त्या भीतीला खतपाणी घालतो.

'अमुक बाबांकडे जा', 'अमुक तेल लावा' असे प्रतिसाद कृपया देऊ नयेत.

वैद्यकीय_वाटाड्या

सर, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आनुवंशिकतेवर माझ्याहून अधिकाराने लिहू शकणारे सदस्य येथे आहेत, म्हणून मी विकाराच्या स्वरूपापासून सुरुवात करतो.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात. कोडामध्ये या रंगपेशी नाहीशा होतात, आणि त्यांना नाहीसे करणारी यंत्रणा शरीराची स्वतःचीच असते. रोगप्रतिकारक व्यवस्थेतील टी पेशींचा एक प्रकार, ज्यांना सीडी-८ टी पेशी म्हणतात, रंगपेशींना शत्रू समजून मारतो. या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संदेशरेणू सोडतात, त्यामुळे त्वचेतील इतर पेशी आणखी टी पेशींना तेथे बोलावून घेतात आणि हल्ला चालू राहतो. त्वचेच्या पेशींच्या आत हा संदेश 'जेएके' नावाच्या विकरांमार्फत पोचतो. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण सर्वांत नवी औषधे नेमकी याच ठिकाणी काम करतात.

यातून काही गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. कोड संसर्गजन्य नाही. त्यात कोणताही जंतू नाही. त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. कुष्ठरोगातील चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढरा नसतो आणि बहुतेक वेळा त्या जागी स्पर्शाची जाणीव कमी झालेली असते. कोडाच्या डागावर स्पर्श, ऊन, थंडी सारे नेहमीसारखे कळते. रक्त 'अशुद्ध' झाल्यामुळेही कोड होत नाही. मात्र ज्यांना कोड असते त्यांच्यात प्रतिकारशक्तीशी निगडित इतर विकार, विशेषतः थायरॉइडचे, सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळतात. म्हणून निदान होताच टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो.

जगभरात साधारणपणे ०.५ ते २ टक्के लोकांना कोड असते. निम्म्या रुग्णांत ते विसाव्या वर्षाच्या आत सुरू होते.

अरुंधती_ठाणे

धागा वेळेवर आला. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला आणि त्याच बाजूच्या मानेवर पांढरा पट्टा आहे, त्या भागातले काही केसही पांढरे झाले आहेत. आमच्या डॉक्टरांनी 'हा वेगळा प्रकार आहे, सर्वांगावर पसरण्याची शक्यता कमी' असे सांगितले. सासूबाई मात्र माझ्या माहेरच्या कोणाला होते याचा शोध घेत आहेत. हा प्रकार खरोखर वेगळा असतो का?

वैद्यकीय_वाटाड्या

अरुंधतीताई, होय, तो वेगळाच आहे. शरीराच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबणारा, लहान वयात उद्भवणारा आणि केस लवकर पांढरे करणारा असा जो प्रकार असतो त्याला सेगमेंटल, म्हणजे विभागीय कोड म्हणतात. २०११ मध्ये बोर्दो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमती परिषदेने हा प्रकार उरलेल्या कोडापासून स्पष्टपणे वेगळा काढला, कारण दोन्हींचा पुढचा प्रवास वेगळा असतो. विभागीय कोड पहिले काही महिने, फार तर एक-दोन वर्षे पसरते आणि नंतर बहुधा कायमचे स्थिरावते. थायरॉइडसारखे विकार सोबत असण्याचे प्रमाण त्यात कमी असते. केस पांढरे झालेल्या जागी मलमांचा आणि किरणांचा परिणाम कमी होतो, हे खरे. परंतु स्थिरावल्यावर त्वचारोपण सर्वांत चांगले यश याच प्रकारात देते. तोपर्यंत पसरण्याच्या काळातच उपचार सुरू ठेवणे महत्त्वाचे आहे.

माहेरचा शोध मात्र थांबवावा. शरीर घडत असताना काही मोजक्या पेशींतच झालेला जनुकीय बदल हे विभागीय कोडाचे संभाव्य कारण मानले जाते. तसा बदल असेल, तर तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला नसतो.

पेशीपुराण

मी जनुकशास्त्रात संशोधन करते. गुरुजींनी प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही मोजून देण्याचा प्रयत्न करते. येथून पुढचे सारे दोन्ही बाजूंना होणाऱ्या नेहमीच्या कोडाविषयी आहे.

आपल्याकडे 'आनुवंशिक' म्हटले की एक विशिष्ट चित्र डोळ्यांपुढे येते: दोष एका जनुकात आहे, तो आईवडिलांकडून येतो, आणि आला की आजार होतोच. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या चित्रात बसतात. कोड त्यात बसत नाही. अमेरिकेत डेन्व्हर येथील रिचर्ड स्प्रिट्झ यांच्या गटाने हजारो रुग्णांच्या जनुकसंचाची निरोगी व्यक्तींशी तुलना केली. २०१६ पर्यंत कोडाची शक्यता वाढवणाऱ्या जागांची संख्या ४८ झाली होती. त्यांतील बहुतेक जागा प्रतिकारशक्तीच्या कारभाराशी संबंधित आहेत, काही रंगद्रव्यनिर्मितीशी. प्रत्येक जागेचा वाटा छोटा आहे, आणि त्यांतील अनेक बदल आपल्या सर्वांच्याच अंगात कमीअधिक संख्येने असतात, ज्यांना कधीही एक डाग येणार नाही त्यांच्याही.

एक विलक्षण बाब येथे नमूद करावीशी वाटते. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या जनुकाचे जे रूप कोडाची शक्यता वाढवते, तेच मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची शक्यता कमी करते. रंगपेशींवर अधिक कडक नजर ठेवणारी प्रतिकारशक्ती बिघडलेल्या रंगपेशीही लवकर पकडत असावी. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'दोष' म्हणतो त्याच्या खात्यावर जमेची बाजूही आहे.

आता आकडे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांची जनुके जवळपास शंभर टक्के सारखी असतात. कोड जर केवळ जनुकांनी ठरत असते, तर एकाला झाले की दुसऱ्याला झालेच पाहिजे. २००३ मध्ये स्प्रिट्झ यांच्याच गटाने केलेल्या मोठ्या पाहणीत अशा जुळ्यांपैकी दुसऱ्याला कोड असण्याचे प्रमाण २३ टक्के आढळले. त्याच पाहणीत रुग्णांच्या सख्ख्या भावंडांत कोडाचे प्रमाण ६.१ टक्के होते. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा हे निश्चितच पुष्कळ अधिक आहे, हे मी लपवणार नाही. तरीही शंभरातील ९४ भावंडांना कोड नव्हते. आईवडील आणि मुले या नात्यांसाठीही शक्यता याच घरात, ढोबळमानाने ५ ते ७ टक्क्यांत, धरली जाते.

हे झाले पहिल्या फळीतील नात्यांचे. काका आणि पुतण्या ही दुसरी फळी. पुतण्याची मुले तुमच्या संदर्भात तिसरी फळी. पहिल्या फळीत सरासरी निम्मी जनुके समान असतात, दुसरीत एक चतुर्थांश, तिसरीत एक अष्टमांश. जेथे अनेक जनुके एकत्र यावी लागतात, तेथे धोका या अपूर्णांकांपेक्षाही वेगाने उतरतो, कारण ते सगळे बदल एकाच वेळी एकाच व्यक्तीकडे पोचण्याची शक्यता प्रत्येक पायरीला घटत जाते. त्यातून तुमच्या भावाने उतारवयापर्यंत मजल मारली आहे आणि त्यांच्या अंगावर कोड नाही, ही माहितीही त्यांच्या शाखेच्या बाजूने जाते. थोडक्यात, तुमच्या पुतण्याच्या मुलांचा धोका रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही जोडप्याच्या मुलांच्या धोक्याच्या फार जवळ आहे.

लग्नापूर्वी करता येईल अशी कोणतीही जनुकीय चाचणी कोडासाठी नाही. कोणी प्रयोगशाळा ती विकत असेल, तर तिच्या निकालावरून सोयरीक ठरवू नये.

कृष्णाकाठ

पेशीपुराण, मनःपूर्वक आभार. 'पहिली फळी, दुसरी फळी' ही मांडणी मुलीच्या वडिलांना पटेल, कारण ते स्वतः विमा क्षेत्रात होते आणि शक्यतेचा हिशेब त्यांना परका नाही. एक शंका: जुळ्यांमध्ये जर २३ टक्केच, तर उरलेले काय आहे? म्हणजे ठिणगी कोठून पडते?

पेशीपुराण

काही ठिणग्या ओळखता आल्या आहेत. त्वचेला झालेली इजा ही त्यांतील सर्वांत निर्विवाद. कापणे, भाजणे, सतत घर्षण होणे, अशा जागी नवा डाग उठतो. त्याला कोब्नर परिणाम म्हणतात. कंबरेवर घट्ट परकर किंवा पट्टा बांधण्याच्या रेषेत, कोपर-गुडघ्यांवर, बोटांच्या पेरांवर डाग का येतात याचे हे एक उत्तर आहे. दुसरी ठिणगी रसायनांची. त्याविषयी डॉक्टर अधिक सांगतील.

वैद्यकीय_वाटाड्या

रसायनांचा विषय आपल्या घरांशी थेट संबंधित आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९३९ मध्ये अमेरिकेतील एका चर्मोद्योगात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांचा रंग गेल्याचे लक्षात आले. मोज्यांतील एक रसायन, मोनोबेंझिल ईथर ऑफ हायड्रोक्विनोन, रंगपेशींना विषारी असल्याचे त्यातून उघड झाले. अशाच जातीची फिनॉल वर्गातील रसायने टिकलीच्या गोंदात, रबरी चपलांत, काही केशकलपांत आणि काही चिकटद्रव्यांत असू शकतात. कपाळाच्या मधोमध टिकलीच्या मापाचा पांढरा ठिपका, पावलावर चपलेच्या पट्ट्यांचा हुबेहूब ठसा, अशा स्त्रिया आणि पुरुष आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी येतात. २०१३ मध्ये जपानमध्ये र्‍होडोडेनॉल हा घटक असलेली, त्वचा उजळ करणारी प्रसाधने बाजारातून मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो स्त्रियांच्या त्वचेवर पांढरे डाग उठले होते.

संपर्क वेळीच थांबवला तर अशा डागांचा रंग अनेकदा परत येतो. मात्र ज्यांच्यात मुळातच कल असतो त्यांच्यात हे डाग संपर्काच्या जागेपलीकडेही पसरू शकतात. त्यामुळे ज्यांच्या सख्ख्या नात्यात कोड आहे त्यांनी गोंदाची टिकली टाळून कुंकू वापरावे, किंवा निदान टिकलीखालच्या त्वचेवर लक्ष ठेवावे. आणि गोरेपणाच्या क्रीमच्या वाटेस अजिबात जाऊ नये.

मालवणी_माणूस

आमच्याकडे लहानपणापासून एकच नियम शिकवला जातो: मासे खाऊन दूध प्यायचे नाही, नाहीतर कोड फुटते. यात काही तथ्य आहे का? माझी पत्नी अजूनही रात्री बांगडा झाला की मुलांचे दूध बंद करते.

वैद्यकीय_वाटाड्या

तथ्य नाही. दूध, दही, मासे, आंबट, लिंबू, पांढरे पदार्थ, यांपैकी कशानेही कोड होत नाही आणि कशानेही वाढत नाही. पथ्याच्या नावाखाली मुलांचे दूध, फळे आणि अंडी बंद करणाऱ्या घरांत मी कोडापेक्षा कुपोषणाची काळजी अधिक करतो. (बंगालमध्ये दह्यात शिजवलेला मासा हा मानाचा पदार्थ आहे. आणि रोज मासळीवर सोलकढी पिणाऱ्या मालवणाने नारळाच्या दुधाला या नियमातून कशी सूट दिली, हे मला कुतूहल आहे.)

निरगुडी

धागाकर्त्यांनी तेलाची नावे घेऊ नका असे म्हटले आहे, त्याचा आदर ठेवून एक मुद्दा मांडते. मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलासाविषयी, म्हणजे त्वचेच्या पांढऱ्या डागांविषयी, सूक्ते आहेत. चरकसंहितेत श्वित्राचे वर्णन आहे, आणि बावचीचे बी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. आधुनिक वैद्यकानेही बावचीतीलच द्रव्य घेऊन किरणोपचार उभा केला ना? मग तिला थोतांडांच्या रांगेत बसवणे न्याय्य आहे का?

वैद्यकीय_वाटाड्या

निरगुडी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि बावची थोतांड नाही. तिच्यात सोरालेन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेला प्रकाशाबाबत अतिसंवेदनशील करतात आणि त्यानंतर मिळालेले ऊन रंगपेशींना चेतवते. इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात तेथील अशाच एका वनस्पतीतील सोरालेनचा कोडावर अभ्यास केला, आणि त्यातूनच पुढे सोरालेन व अतिनील-ए किरण यांचा 'पुवा' उपचार आला.

अडचण मात्रेची आहे. घरी कुटलेल्या बियांत किंवा तेलात द्रव्य किती आहे, हे कोणालाच माहीत नसते, आणि उन्हाची तीव्रता सांगलीत मे महिन्यात वेगळी, डिसेंबरात वेगळी. त्यामुळे त्वचा भाजते, फोड येतात, आणि वर सांगितलेल्या कोब्नर परिणामाने डाग आणखी मोठा होतो. पोटात घेतलेल्या बावचीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आज पुवाही बऱ्याच अंशी मागे पडला आहे, कारण त्याहून सुरक्षित किरण हाती आले. तेव्हा बावचीचा इतिहास मान्य, तिचा घरगुती प्रयोग अमान्य, एवढीच माझी भूमिका आहे.

कृष्णाकाठ

आता उपचारांविषयी सविस्तर वाचायला आवडेल. विशेषतः 'किती जणांना किती रंग येतो' हे.

वैद्यकीय_वाटाड्या

उपचार ठरवताना मी पहिल्यांदा एवढेच पाहतो, की डाग सध्या पसरत आहेत की स्थिर आहेत. कडा धूसर असणे, आजूबाजूला बारीक ठिपक्यांचा शिडकावा दिसणे, जखमेच्या जागी नवा डाग उठणे, ही पसरत्या कोडाची चिन्हे. अशा वेळी आधी आग विझवावी लागते. त्यासाठी तोंडावाटे स्टिरॉइड आठवड्यातून केवळ लागोपाठ दोन दिवस देण्याची पद्धत भारतात रूढ आहे. दिल्लीच्या एम्समधील डॉ. पसरिचा यांनी ती प्रचारात आणली. रोजच्या गोळ्यांपेक्षा तिचे दुष्परिणाम कमी असतात, पण ती काही महिन्यांपुरती आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

थोड्या जागेतील डागांवर मलमे पुरतात. अंगावर स्टिरॉइडचे मलम ठरावीक मुदतीत, मध्ये खंड ठेवून. चेहरा, मान, पापण्या अशा नाजूक जागी टॅक्रोलिमस, कारण त्याने त्वचा पातळ होत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे मलम आणून वर्षभर चेहऱ्याला लावणाऱ्यांची त्वचा मी पाहतो तेव्हा मूळ डाग बरा होता असे वाटते.

जागा अधिक असेल तर नॅरोबँड अतिनील-बी किरण हा आजचा पाया आहे. त्यांची तरंगलांबी सुमारे ३११ नॅनोमीटर असते. १९९७ मध्ये ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी त्यांची कोडातील उपयुक्तता दाखवली. आठवड्यातून दोन-तीन वेळा किरण घ्यायचे, मात्रा सावकाश वाढवायची. त्वचेवर हलकी गुलाबी छटा यावी आणि ती चोवीस तासांत निघून जावी, हा योग्य मात्रेचा अंदाज. गर्भारपणातही हे किरण घेता येतात.

आता आकडे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात, ७५ टक्के किंवा अधिक रंग परत आलेल्यांचे प्रमाण सहा महिन्यांनंतर १९ टक्के आणि बारा महिन्यांनंतर सुमारे ३६ टक्के आढळले. यावरून दोन धडे घ्यावेत: सहा महिन्यांच्या आत निराश होऊन सोडू नये, आणि सर्वांना पूर्ण रंग येईल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. जागेनुसार फरक तर फारच मोठा. सहा महिन्यांत भरीव सुधारणा चेहरा व मानेवर ४४ टक्के जणांना दिसली, धडावर २६ टक्के, हातपायांवर १७ टक्के आणि पंजे व पावलांवर शून्य.

याचे कारण केसांत आहे. डागातील रंगपेशी मेल्या तरी केसाच्या मुळाशी त्यांचा राखीव साठा बहुधा शिल्लक असतो; किरणांनी चेतवल्यावर तेथूनच नव्या पेशी बाहेर येतात, म्हणून परतणारा रंग प्रथम केसांभोवती ठिपक्यांच्या रूपात दिसतो. ओठ, बोटांची टोके आणि तळवे येथे केसच नसतात. सर, तुमचे डाग नेमके याच कठीण जागी आहेत, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

सांजवेळ

रुग्ण म्हणून पुस्ती जोडतो. मी पुण्यात नोकरी करतो. कोड चेहऱ्यावर आणि पोटावर होते. किरणोपचाराने चेहरा जवळजवळ पूर्ण भरला, पोट अर्ध्याहून थोडे अधिक. उपचार वेदनादायक अजिबात नाही, कंटाळवाणा मात्र पराकोटीचा आहे. खरी परीक्षा दवाखान्यात जाण्यायेण्याच्या वेळेची आणि साहेबांकडून सवलत मागण्याची असते. गावाकडे राहणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाणे परवडतच नाही, आणि यावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

एक कानगोष्ट: सुरुवातीच्या आठवड्यांत डागाभोवतीची निरोगी त्वचा काळवंडते आणि डाग अधिकच उठून दिसतो. 'वाढले की काय' अशा धास्तीने बरेच जण तेथेच थांबतात. प्रत्येक महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच प्रकाशात फोटो काढून ठेवावा. आरशापेक्षा तो अधिक प्रामाणिक असतो.

अरुंधती_ठाणे

घरी वापरण्याची हातातली किरणयंत्रे मिळतात, असे ऐकले. ती कितपत उपयोगी?

वैद्यकीय_वाटाड्या

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ महिन्यांनी यशस्वी म्हणता येईल असा फरक केवळ स्टिरॉइड मलमाने १७ टक्के रुग्णांत, केवळ घरच्या यंत्राने २२ टक्के आणि दोन्ही मिळून २७ टक्के रुग्णांत दिसला. म्हणजे एकत्रित उपचार सरस, पण चमत्कार नाही. आणि थांबल्यावर अनेकांनी मिळवलेला रंग गमावला. मोजके डाग, दवाखाना दूर आणि पालक शिस्तीचे असतील तर डॉक्टरांनी मात्रा आखून दिल्यावर यंत्र जरूर वापरावे. डोळ्यांचा चष्मा विसरू नये.

पेशीपुराण

डॉक्टर, जेएके रोधकांचे काय?

वैद्यकीय_वाटाड्या

त्याकडेच येत होतो. रुक्सोलिटिनिबच्या १.५ टक्के मलमाला अमेरिकेच्या औषध नियामकाने जुलै २०२२ मध्ये, बारा वर्षे व त्यापुढील रुग्णांच्या विभागीय नसलेल्या कोडासाठी मान्यता दिली. खास कोडाचा रंग परत आणण्यासाठी तेथे मान्य झालेले ते पहिले औषध. २०२३ मध्ये युरोपनेही ते स्वीकारले. त्याच्या दोन चाचण्यांत २४ आठवड्यांनी चेहऱ्याचा तीन चतुर्थांश किंवा अधिक रंग परत आलेल्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, औषधविरहित मलम लावणाऱ्यांत ७ ते ११ टक्के. वर्षभर लावत राहिलेल्यांत चेहऱ्याचा हा आकडा ५० टक्क्यांच्या घरात पोचला. याच कुळातील टोफॅसिटिनिबचे मलम भारतात मिळते आणि आम्ही ते वापरतो, बहुधा किरणांच्या जोडीने. पोटात घेण्याच्या या वर्गातील गोळ्या मात्र क्षयरोगासह इतर संसर्ग तपासल्याशिवाय सुरू करता येत नाहीत. आपल्या देशात तर नाहीच नाही.

सर, तुमच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. अट एकच, किमान वर्षभर एकही नवा डाग नको आणि जुना वाढलेला नको. मांडीवरील त्वचेचा पातळ पापुद्रा घेऊन त्यातील पेशी ट्रिप्सिनने सुट्या करतात आणि खरवडून तयार केलेल्या डागावर त्यांचे द्रावण पसरतात. घेतलेल्या तुकड्याच्या दसपट जागा त्यातून झाकता येते. ओठांवर याचे किंवा साध्या ठिपकारोपणाचे, म्हणजे निरोगी त्वचेचे बारीक गोल तुकडे डागावर बसवण्याचे, परिणाम चांगले मिळतात, बोटांच्या पेरांवर तितके नाहीत.

निरगुडी

आणि ज्यांचे जवळजवळ सर्वांग पांढरे झाले आहे?

वैद्यकीय_वाटाड्या

त्यांच्यासाठी उलट मार्ग आहे. १९३९च्या त्याच रसायनाचे मलम वापरून उरलेला रंग काढून टाकतात. मायकेल जॅक्सनला कोड होते, हे २००९च्या शवविच्छेदन अहवालात नोंदले गेले आहे. त्याचा गोरेपणा हौसेचा होता ही दंतकथा तेथे संपली. हा मार्ग परतीचा नाही, उन्हापासून आयुष्यभर जपावे लागते, म्हणून निर्णय घाईने घेऊ नये.

कायद्याचे_बोला

विवाहाच्या अंगाने थोडे. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख होता. २०१९च्या दुरुस्तीने तोही वगळला गेला. कोडाचा उल्लेख त्यात कधीच नव्हता. तरीही ठरवताना ही गोष्ट दडवू नये, असे माझे व्यवसायातील निरीक्षण आहे. भांडणे डागावरून क्वचित होतात, 'आम्हाला सांगितले नाही' यावरून हमखास होतात.

सांजवेळ

सहमत. ज्यांच्या स्वतःच्या अंगावर कोड आहे आणि लग्नाचा प्रश्न आहे त्यांना पुण्यातील श्वेता असोसिएशन माहीत असावी. डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेला हा स्वमदत गट आहे आणि तो वधूवर मेळावेही घेतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. येथील जनुकांविषयीचे प्रतिसाद मुद्रित करून मी मुलीच्या वडिलांकडे पाठवले. त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे, की मिरजेतील एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडे दोन्ही कुटुंबांनी एकत्र जाऊन हेच त्यांच्या तोंडून ऐकावे. मला ती मागणी वाजवी वाटते. पुतण्या थोडा रागावला आहे. त्याची समजूत काढणे चालू आहे.

ओठांच्या शस्त्रक्रियेचा विचार मी खरोखर करतो आहे. शेवटचा प्रश्न: रंग आल्यावर तो टिकतो का?

वैद्यकीय_वाटाड्या

उपचार पूर्ण थांबवल्यास वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांचे डाग पुन्हा डोके वर काढतात, आणि तेही बहुतेक वेळा जुन्याच जागी, कारण हल्ला करणाऱ्या टी पेशींची एक तुकडी त्वचेतच मुक्काम करून राहते. फ्रान्समधील एका अभ्यासात रंग परत आलेल्या जागी आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहिलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास उतरले. म्हणून मी माझ्या रुग्णांना मलमाची नळी टाकू देत नाही. वार ठरवून देतो, बहुतेकांना बुधवार आणि रविवार. शस्त्रक्रियेपूर्वी टीएसएच आणि साखर तपासून घ्या, आणि गेल्या वर्षभरातील हातांचे व ओठांचे जुने फोटो सोबत न्या. डाग स्थिर आहेत की नाहीत, हे सर्जन त्यावरूनच ठरवतील.